वेदांगच्या बॅगेतली तपकीर

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
शुक्रवार, १२ मार्च २०१०

ती. प्रमिलाताईच्या पायांवर समुद्रापलीकडून डोकं ठेवून धाकटा गुणवंत कळवतो, की इकडे सगळे आपापल्या पायांवर उभे आहेत (मीसुद्धा, ते कसं, हे पुढे येईलच). तुझा गुडघा काय म्हणतो? फोनवर विचारावं तर तू "सगळे बरे ना? ठेवते" म्हणून ठेवूनच देतेस. म्हणून म्हटलं, आपलं कागदावरच बोलावं. चौतीस वर्षं देवरुखच्या पोस्टात काढलेल्या माणसाने पत्र लिहायचं नाही, तर मग कुणी लिहायचं?

आधी इथली हवा सांगतो. मंदी आल्यापासून चिरंजीव विघ्नेशच्या कचेरीत चाळीसपैकी तेराच टेबलांवर माणसं उरली आहेत. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की पोराची शाळाही जाते, म्हणून त्याने घरात एकच कायदा केला आहे: "नो लफडा." शाळेतून तक्रार नको, पोलिसांत नाव नको, लिफ्टमध्ये मोठ्याने कविता नको. (शेवटचं कलम माझ्यासाठी.)

तर गेल्या महिन्यात, माझ्या पंचाहत्तरीला चार दिवस असताना, दुपारी आपल्या चौथीच्या पुस्तकातल्या एका कवितेचं तिसरं कडवं मला अवचित आठवलं. (पहिली दोन अजून आठवायची आहेत.) ते उडून जायच्या आत टिपावं म्हणून कागदासाठी वेदांगची बॅग उघडली. तर आत मोज्यात गुंडाळलेली बोटभर बाटली, बाटलीत हिरवट तपकिरी भुकटी, आणि सोबत एक चिमुकली लाकडी नळी. ताई, माझी तपकीर संपून तेव्हा पंधरा दिवस झाले होते. इथल्या देरा बाजारातली अर्धी दुकानं मी पालथी घातली होती, नाकाला चिमूट लावून दाखवली की दुकानदार "हबीबी, सर्दी?" म्हणत बाम काढायचा. मला वाटलं, नातवाने आजोबाच्या वाढदिवसासाठी कुठून तरी तपकीर पैदा केली आणि बिचाऱ्याने लपवून ठेवली. डोळे भरून आले. इथे जन्मलेलं, ज्ञानेश्वरांची समाधी कुठे आहे हे गूगलला विचारणारं पोर, पण रक्त आपलंच! नळी शिट्टी असेल म्हणून फुंकून पाहिली, वाजली नाही. मग त्याच्या प्रेमाचा मान राखायला एक चिमूट उजव्या नाकपुडीत घेतली आणि डावीला वाईट वाटू नये म्हणून एक तिलाही दिली.

पुढे सोफा भिंतीवर चढला. छातीत ढोल, अंगाला दरदरून घाम, आणि संजनाच्या नव्या गालिच्यावर मी जे केलं ते सुनेच्या गालिच्यावर कोणत्याही सासऱ्याने करू नये. कडवं गेलं ते गेलंच.

इतक्यात वेदांग खालून फुटबॉल खेळून आला. त्याने मला पाहिलं, उघडी बाटली पाहिली आणि पांढराफटक पडला. ताई, खरी गोष्ट इथे सुरू होते. बाटली खिशात घालून "आजोबांना ऊन लागलं" एवढं म्हटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. बापाचा कायदा त्याला पाठ होता. पण त्या पंधरा वर्षांच्या पोराने एका हाताने माझं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताने आईला ऑफिसात फोन लावला. "ममा, आजोबांनी दोखा घेतलाय. इट वॉज इन माय बॅग. आधी डॉक्टर सांग, ओरड नंतर."

दोखा म्हणजे इथला उग्र तंबाखू. त्या नळीत चिमूटभर भरून एका झुरक्यात ओढतात. अरबीत नावाचा अर्थच चक्कर (इतका प्रामाणिक पदार्थ मी दुसरा पाहिला नाही). निखिल नावाच्या वरच्या वर्गातल्या मुलाने तो वेदांगकडे ठेवायला दिला होता. गुरुवारी पार्किंगमध्ये दोघांनी मिळून ओढायचं ठरलं होतं. वेदांगला ओढायचं नव्हतं आणि परत द्यायचा धीर नव्हता, कारण निखिल त्याला सगळ्यांसमोर "बेबी" म्हणाला असता. या एका शब्दाच्या भीतीने चार दिवस तो मोजा बॅगेत होता.

खालच्या क्लिनिकमधल्या डॉक्टर जैनबनी मला दोन तास झोपवून ठेवलं. "अंकल, नाक में क्यों डाला?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आदत." मग वेदांगकडे वळून म्हणाल्या, "बेटा, दादाजी गिर गए, बच गए. जिसको ये चक्कर अच्छा लगता है, वो रोज़ माँगता है." पोर मान खाली घालून ऐकत होतं.

संध्याकाळी विघ्नेशने घरी येऊन वेदांगला समोर बसवलं. मग इतकंच म्हणाला, "तू स्वतः सांगितलंस म्हणून आज मी ओरडत नाही. पण निखिलला काय सांगणार?" वेदांग म्हणाला, "आजोबांना घेऊन जातो."

आणि नेलं की मला! गुरुवारी पार्किंगमध्ये मी काठी टेकून उभा, व्यसनांवरची माझी ताजी चाळीस ओळींची कविता खिशात. भुकटी संडासात गेलीच होती; वेदांगने रिकामी बाटली आणि नळी निखिलच्या हातावर ठेवली. "हे माझे आजोबा. टू पिंचेस अँड ही वॉज ऑन द कार्पेट. मला नको. बेबी म्हण, काय म्हणायचं ते म्हण." निखिल हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. मी दुसऱ्या कडव्यावर आलो तेव्हा तो काकुळतीने म्हणाला, "अंकल, आय विल स्टॉप. प्लीज यू ऑल्सो स्टॉप." त्याने खरंच सोडलं की नाही, देव जाणे, पण आता रोज फुटबॉलला येतो. शाळेत आणखी तीन मुलांनी वेदांगला विचारलं, नाही कसं म्हणायचं? तो म्हणाला, "सांगा, घरी एक आजोबा आहेत, ते बॅगा हुंगतात." चार घरांत माझं नाक असं कामाला लागलं आहे. सेवेत असताना माझा एवढा उपयोग झाला नव्हता.

मग एके दिवशी वेदांगने विचारलं, "आजोबा, तपकीर पण तंबाखूच ना?" मी आपल्या वडिलांची, अण्णांची चांदीची डबी, संस्कृती, परंपरा असं अर्धा तास सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ओके. बट सेम थिंग ना?" बावन्न वर्षांची सवय त्याच्यासमोर, त्याच्या हातावर हात ठेवून सोडली. ताई, छाती इतकी फुगली आहे की सदऱ्याच्या गुंड्या लागत नाहीत.

सगळ्यांना यथायोग्य सांग, आणि गुडघ्याला तेल लावत जा.

तुझाच,
गुणवंत

ता. क. हे पत्र आळीत मोठ्याने वाचून दाखवलंस तरी चालेल. गालिचा तेवढा गाळ.

आणखी एक ता. क. पत्राचं खरं कारण. मागच्या मंगळवारी मी तुला एक पत्र टाकलं आहे. त्यात लिहिलंय, की आमचा शेजारी अनिल महिनाअखेरीस देवरुखहून परततोय, त्याच्या हाती लोणच्याच्या बरणीआड तपकिरीच्या दोन डब्या पाठव. त्या दिवशी घरात कुणी नव्हतं आणि मन फार भरकटलं होतं. डब्या पाठवू नकोस. दिल्या असल्या तर अनिलकडून परत घे.

शेवटचं. वेदांगला हे आज सकाळी मीच सांगितलं. चिडेल वाटलं होतं. तो म्हणाला, "पत्र तुम्ही लिहा आजोबा, पेटीत मी टाकतो." आत्ता तो बूट घालून दाराशी उभा आहे, म्हणून थांबतो.