बर्फाच्या नदीवरचा आपला दिवस

प्रिय म्हाबळू,

काल तुझा बारावा झाला. तुमच्या नंदिगड्ड्याहून आज सकाळी चालत घरी आलो आणि पडवीत बसून हे लिहितोय. पलटणीत मला अक्षरं शिकायला तूच लावलंस, स्वतः मात्र शिकला नाहीस. आता हे वाचणार कोण, सांग! तरी लिहितो. कारण काल पंगतीत तुझा चुलता बोलला, "बोटं गेली करवतीत, आन् थाप मारली बर्फाची! म्हणं, पायाला फळ्या बांधून बर्फावरनं पळत हुतो!" सगळे हसले. तुझ्याच घरात बसून हसले रे!

मी हातातला घास खाली ठेवला. म्हटलं, "थाप न्हाई. मी हुतो संगं." आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. तुझी लेक शेवंती दाराला टेकून ऐकत होती. पण काही गोष्टी चारचौघांत बोलवल्या नाहीत. त्या तुलाच सांगायच्या आहेत.

ती चौकी आठवते? काश्मीरच्याही वर, जिथं झाड म्हणून दिसत नव्हतं. आपण रानातली माणसं, समोरचा माणूस झाडीत दिसला तर नशीब! आणि तिथं डोंगरामागं डोंगर, सगळे उघडे. साहेबानं आपल्याला त्या लांब लाकडी फळ्यांवर चालायला शिकवलं. चढताना खाली केसाळ चामड्याचे पट्टे बांधायचे, म्हणजे पाय मागं घसरत नाही. उतरताना ते सोडायचे आणि देवाचं नाव घ्यायचं! किती पडलास तू! आणि किती हसलास!

त्या दिवशी काम काहीच नव्हतं. नुसती हौस. तू, मी आणि आपला गढवाली दोस्त बचन. बर्फाची नदी ओलांडून पलीकडच्या खिंडीत जायचं आणि घसरत परत यायचं. कल्पना कुणाची होती? तू शेवटपर्यंत माझी म्हणायचास, मी तुझी.

बचननं आधीच बजावलं होतं, ऊन चढायच्या आत परतायचं. वरचं बर्फ मऊ झालं की खालच्या भेगा माणूस गिळतात. पण खिंडीत पोचल्यावर तू खाली बसलास. "जरा थांबा की रे. असं परत कवा दिसणार हाय?" आपण थांबलो. तुला दोष देत नाही. मीही मजेत गूळ चघळत होतो.

परतताना मी पुढं, मधे तू, मागं बचन. तिघांच्या कमरेला एकच दोरी. फळीखाली बर्फ पोकळ वाजायला लागलं. मी मागं वळून बघितलं. "हळू," एवढंच म्हणालास. मी पाय सरकवला आणि खालचं सगळं गेलं.

कमरेला हिसका बसला. मी लोंबकळत होतो. दोन्ही अंगांना निळं बर्फ, खाली नुसता काळोख. एक फळी पायातून निसटली. ती आपटल्याचा आवाज मला आलाच नाही, म्हाबळू! हे मी काल कुणाला सांगितलं नाही.

वर तू पालथा पडून काठाकडे ओढला जात होतास. दोरी हाताला गुंडाळलीस, फळ्या बर्फात आडव्या रोवल्यास. हातमोजा केव्हाच निघून गेला होता. मागं बचन कुदळ रोवून तिला दोरी बांधू बघत होता, पण बर्फ भुसभुशीत, कुदळ निघून यायची. दोरी पुन्हा सरकली. मी ओरडलो, "सोड म्हाबळू! काप दोरी! तू बी येशील खाली!"

"गप ऱ्हा!" वरून तुझा आवाज आला. "तुझ्या आईला जाऊन काय सांगू मी?"

मग तू बोलतच राहिलास. "झोपू नको. तुमच्या म्हशीचं नाव काय?" सांगितलं. "व्हाळात मासं कुठं गावत्यात?" तेही सांगितलं. तेच तेच कितीदा विचारलंस! तुझा आवाज बारीक होत चालला होता. मला वाटत होतं, आता प्रश्न थांबला की संपलं. तू थांबला नाहीस. घाबरला होतास का रे? हे विचारायचं जन्मभर राहून गेलं.

शेवटी कुदळ धरली. दोघांनी मला वर ओढलं. वाटलं, तू मिठी मारशील. तू तर थोबाडीत मारलीस! "परत 'सोड' म्हणालास तर बघ!" म्हणालास आणि हमसून रडायला लागलास. हेही काल कुणाला सांगितलं नाही.

मग तुझा हात बघितला. बोटं पांढरी, लाकडासारखी. डॉक्टरनं दोन काढली आणि पलटणीनं तुला घरी धाडलं. गावानं ठरवून टाकलं, तिकडंच कुठं दारू पिऊन करवतीत हात घातला. उळवीच्या जत्रेतसुद्धा चिडवायचे तुला! मी नोकरी संपवून आलो तेव्हा सगळ्यांना खरं सांगायला निघालो होतो. तूच अडवलंस. "जाऊ दे. त्यांनी बर्फ बघितलंय कुठं?" का अडवलंस? सगळी वर्षं तू कांबळ्यात हात लपवून बसायचास, ते मला बघवत होतं का?

आणि तापानं फणफणत होतास तर एक निरोप धाडायचा होतास! नदीला पूर असता तरी आलो असतो. मला कळलं ते तू गेल्यावर.

काल माणसं पांगल्यावर तुळसावहिनी जवळ आली. "भावजी, भात पिकलंय. डुकरं उतराय लागलीत. कापाय माणूस न्हाई." अजून डोळे सुकले नव्हते तिचे, पण शेत कुणासाठी थांबतं?

मी येतो, म्हाबळू. उद्याच विळा घेऊन निघतो. भात कापून, झोडून कणगीत भरल्याशिवाय परत फिरणार नाही. आणि हे यंदापुरतं नाही. या हाताला विळा पेलतोय तोवर दरवर्षी तुझ्या शेतात पहिला मीच उतरेन.

तुझाच,
नागेश