बारक्याचं तोंड आणि आमची गच्ची

चि. बारक्या,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? बायकोचा खोकला थांबला का? मी बरी आहे, आणि नसते तरी इथे विचारतंय कोण! तुझं पत्र पोचलं. तू जे मागितलंयस त्याचं शेवटी बघू. आधी ते कुठे आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे ते ऐक.

आमची गच्ची गळते. सगळी नाही, नेमकी माझ्या पलंगावर (देवाला या घरात दुसरं कुणी दिसतच नाही). गवंडी बघून गेला, म्हणाला, सगळं उकरून नव्याने करावं लागेल. मुलगा म्हणाला, सध्या तात्पुरतं करू, ऊन पडलं की पक्कं. ऊन पडलं की गळत नाही, आणि गळत नाही ते दुरुस्त कोण करतो? हे तात्पुरतं आता त्याच्या लग्नाइतकंच जुनं झालंय. आधी त्याने मोबाइलवर बघून भेगांत सिमेंट कालवून ओतलं. भेग बुजली आणि पलंगाच्या पायथ्याशी गळणारं पाणी सरकून उशीवर आलं. मग डांबर फासलं. ते दुपारच्या उन्हात पातळ झालं, आणि मुलाची एक चप्पल अजून गच्चीत रुतून उभी आहे. (तेवढ्या जागेत मात्र थेंब नाही.) शेवटी मला म्हणतो, "आई, तू संडासाजवळच्या बोळात झोप ना, तात्पुरती." मी म्हटलं, "मेल्या, या पलंगावरून मी एकदाच हलणार, आणि तेव्हा चौघं लागतील."

तेव्हा कुठे सुनेला माळ्यावरचा तुझा फ्लेक्स आठवला. वॉर्डाच्या निवडणुकीत पडलास, बायकोने तो घरात घेऊ दिला नाही, म्हणून "ताई, जपून ठेव" सांगत आमच्याकडे टाकून गेलास, तोच. छापलेली बाजू गुळगुळीत, पाणी घसरतं, म्हणून ती वर ठेवली. त्यामुळे तू हात जोडून, आभाळाकडे बघून हसत, उताणा पडला आहेस. कडेने विटा. सून आधी, मामेसासऱ्यांच्या तोंडावर पाय कसा द्यायचा, म्हणून कपडे वाळत घालताना उड्या मारायची. आता सरळ तुझ्या नाकावर उभी राहून चादरी पिळते. तरी एका जागी टपटप चालूच. मी गुडघे धरत वर गेले, बघते तर तुझं तोंड फाटलेलं. (नवल वाटलं नाही. ते लहानपणापासून कुणाला बंद करता आलं नाही.) त्यावर मी एक जाडजूड वीट ठेवली. तेव्हापासून पलंग कोरडा. आपली आई असती तर तिने माझी पाठ थोपटली असती.

'तुमच्या डोक्यावर पक्कं छप्पर' असं तू त्यावर छापलं होतंस. तुझं तेवढं एकच आश्वासन खरं झालं, तेही पडल्यावर. आणि तुझी निशाणी बादली! ती माझ्या पलंगावर इतकी वर्षं बिनविरोध निवडून येत होती. आता तिला खाली उतरवली.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला तेल लाव, भाषणं कमी कर.

तुझी ताई

ता. क. पुन्हा उभा राहतोयस, खर्च वाचवायला जुना फ्लेक्स परत पाठव, असं लिहिलंस. मिळणार नाही. तो काढला तर मी बोळात जाईन, आणि ते होणे नाही. शिवाय त्यात तुझे केस काळे आहेत. लोकांना वाटेल, मुलगा उभा राहिलाय. नवाच छाप. छापतोयसच तर दुप्पट मोठा छाप, स्वयंपाकघरही गळायला लागलंय. आणि या वेळी फोटो तोंड मिटलेला घे.

आणखी ता. क. आशीर्वाद दिलेत, पण कशासाठी ते विचारू नकोस. निवडून आलेल्यांचे फ्लेक्स चौकातून वर्षवर्ष उतरत नाहीत, ते आमच्या काय कामाचे? तू पडलास तरच इथे पाणी पडायचं थांबतं.