गुडघ्याखालची वाकळ

आई, आज तुझे जावई कामावर गेले. आठ महिन्यांनी. पोरगी शाळेत आहे, भाजी चिरून पडली आहे, आणि मी तिच्या वहीच्या मागच्या पानांवर तुला लिहीत बसले आहे. तुला वाचता यायचं नाही आणि मला सातवीनंतर लिहायची सवय नाही, दोघी सारख्याच. पण हे दुसऱ्या कुणाशी बोलता येणार नाही, कारण यात तूपण आहेस.

तू गेलीस तेव्हा मी पोटुशी होते, त्यामुळे इथलं तुला काहीच माहीत नाही. आम्ही आता दिल्लीत राहतो, द्वारकेच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर एक खोली. तुझे जावई कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकी आहेत. सकाळचा नाश्ता त्यांच्याकडे, म्हणून उजाडायच्या आत मोटरसायकल काढायचे. जानेवारीत इथे धुकं असं पडतं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. रस्त्याच्या कडेला एक टेम्पो लाइट बंद करून उभा होता, त्याच्यावर हे जाऊन आदळले. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत रॉड घातला. हॉस्पिटलात नर्सनं विचारलं, "साथ में कौन है?" मी आधी मागे वळून बघितलं, कुणी मोठं माणूस आहे का म्हणून. मग म्हटलं, "मैं हूँ." कागदावर सही केली तेव्हा माझं आडनाव अर्धंच लिहिलं गेलं.

यांना घरी आणलं आणि मी तुझ्यासारखं सगळं सुरू केलं. आप्पा चिंचेवरून पडले तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यानंतर सहा वर्षं ते खाटेवर, आणि तू त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाहीस. गावातल्या बायका आपल्या सुनांना तुझं नाव घेऊन बोलायच्या. मीपण तेच केलं. अंथरुणातच यांचं तोंड धुवायचे, अंथरुणातच घास भरवायचे. यांचे हात चांगले धडधाकट होते, तरी भरवायचे. आणि तू लग्नात दिलेली वाकळ, तुझ्या जुन्या लुगड्यांची, तिची गुंडाळी करून यांच्या गुडघ्याखाली ठेवायचे, तू आप्पांच्या ठेवायचीस तशीच. यांना बरं वाटायचं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाल्या, "बाई गं, माझ्या लेकानं नशीब काढलं." खोटं नाही सांगत, त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

मग व्यायाम करून घेणारी डॉक्टर आली. हरियाणाची, माझ्याच वयाची, बूट दारात काढून सरळ आत. तिनं पांघरूण वर केलं आणि वाकळ ओढून बाहेर काढली. "ये किसने रखा?" मी म्हटलं, "मैंने. इनको आराम मिलता है." ती म्हणाली, "भाभी, इसी आराम से घुटना जाम होगा. फिर न सीधा होगा, न मुड़ेगा." मग तिनं कोपऱ्यातली ताटली बघितली. "खाना कौन खिलाता है?" मी जरा तोऱ्यातच म्हटलं, मी. "क्यों, हाथ में क्या हुआ है इनके?" हे हसायला लागले. तिनं यांच्याकडे असं बघितलं की हसू जागच्या जागी गेलं. जाताना मला म्हणाली, "आप नर्स बहुत अच्छी हो. पर इनको नर्स नहीं, सास चाहिए."

ती गेल्यावर मी वाकळ मांडीवर घेऊन बसले. मला आप्पांना न्यायचा दिवस आठवत होता. मी बारा वर्षांची, दाराच्या चौकटीला धरून उभी आहे. तिरडीवर आप्पांचे पाय सरळ होत नाहीत. चुलते एका बाजूनं दाबतायत, कुणीतरी म्हणतंय, राहू द्या, बांधा तसेच. गुडघे वर राहिले होते. वाकळेवर राहायचे तसेच, बरोबर तेवढेच. तेव्हा मला वाटलं होतं, माणूस मेल्यावर असंच होत असेल.

दुसऱ्या दिवशी यांनी पाणी मागितलं. मी म्हटलं, "ओट्यावर आहे." हे म्हणाले, "अगं, मग दे ना." मी मेथी निवडत होते, मान वर केली नाही. "वॉकर तुमच्या उशाशी आहे." "दयामाया आहे का नाही तुला?" "आहे. तीपण ओट्यावर ठेवली आहे, येताना घेऊन या." मग हे चिडले. म्हणाले, "हेच शिकवलं का तुझ्या आईनं?" आई, मला ते लागलं. मी म्हटलं, "नाही. आईनं दुसरंच शिकवलं होतं." आणि हात मांड्यांखाली दाबून बसले, नाहीतर ते आपोआप उठले असते. चार पावलांवर ओटा. हे घामाघूम झाले, एकदा भिंतीला टेकले, मला शिव्या घातल्या, पण पोचले. पाणी प्यायले आणि रिकामा पेला जोरात आपटला. मी जिन्यात जाऊन तोंडात पदर धरून रडले. परत आत आले तर पोरगी बापाला सांगत होती, "पापा, मम्मी कट्टी नहीं है, डॉक्टर आंटीने बोला है."

मग रोजचंच झालं. स्टुलावर बसून टाच मागे सरकवायची. जिथे पोचेल तिथे पोरगी फरशीवर खडूची रेघ मारायची. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत कधी पंधरा दिवस लागायचे. हे ओरडायचे, खालची घरमालकीण विचारायची, "क्या करती हो आदमी के साथ?" मी सांगायचे, "कसरत." हॉस्पिटलात मी एकटी जायला शिकले, कुठली खिडकी, कुठला कागद, कुणाशी नरम बोलायचं आणि कुणाशी अडून बसायचं. जूनमध्ये डॉक्टरनं गुडघा किती वाकतो ते मोजलं आणि म्हणाली, "नब्बे डिग्री. भाभी, ये आपका है." तुझी लेक, सातवी पास. मला आजवर कुणी असं काही माझं म्हणून दिलं नव्हतं.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तुझ्या दारात बूट काढून कुणी आलंच नाही, तुला कोण सांगणार होतं? पण एक विचारते. हे खाटेवर होते तेव्हा मला एका बाजूनं बरं वाटायचं. अंधारात मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज नाही, फोन वाजला तर छातीत धस्स नाही. माणूस कुठे आहे ते मला माहीत असायचं. आप्पा पडायच्या आधी आठ-आठ दिवस बाजाराच्या नावानं गायब असायचे, तूच सांगायचीस. तुलापण तसं वाटलं होतं का गं? वाटलं असेल तर मी तुला नावं ठेवणार नाही.

मोटरसायकल भंगारात दिली. नाश्त्याचं काम दुसऱ्याकडे गेलंय, आता उजाडल्यावर मेट्रोनं जायचं. आज सकाळी यांनी डबा खांद्याला लावला, काठी घेतली आणि म्हणाले, "खाली येऊ नकोस, लोक बघतात." मी बरं म्हटलं. हे कोपऱ्यावर वळले आणि मी पोरीला काखेत मारून मागे निघाले. स्टेशनखाली उसाच्या रसाच्या गाड्याआड उभी राहिले. तिथे लिफ्ट आहे, पण तुझे जावई लिफ्टनं जातील तर ना. जिन्याला लागले. चांगला पाय आधी, मग दुखरा, मग काठी, डॉक्टरनं शिकवलं तसंच. मागून कॉलेजची पोरं धडधड वर गेली आणि यांचा कठड्यावरचा हात सुटला. पोरगी ओरडणार होती, मी तिच्या तोंडावर हात ठेवला. यांनी तोल सावरला, परत कठडा धरला, आणि दिसेनासे झाले. मी हलले नाही, आई.

आता लिहिलेलं वाचलं. हलले नाही, ते खरं नाही. एक पाऊल टाकलं होतं.