साहेबाच्या छातीतला आवाज

मंगळवार, १२ तारीख
वसतिगृह, खोली क्रमांक सात

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. मी पोचले, जेवले, झोपले आणि आज शाळेतही जाऊन आले. घरची चौकशी करायची नाही असं ठरवून निघाले होते, म्हणून फक्त एवढंच विचारते, दवाखान्यात सगळं ठीक ना? छकुलीला सांग, मोठी आई पुन्हा शाळेत जायला लागली आहे आणि तिला पहिल्या बाकावर जागा मिळाली आहे. खरं म्हणजे मीच जाऊन बसले. आमच्या बाई फार हळू बोलतात.

फोन का नाही केला म्हणशील. इथे फोनवर नीट ऐकू येत नाही, भिंती जाड आहेत. शिवाय पत्रात मला कुणी मध्येच तोडत नाही, हा केवढा फायदा.

एकसष्टाव्या वर्षी वही-पेन घेऊन बसायचं म्हणजे गंमतच आहे. परवाना टिकवायला तास भरावे लागतात म्हणून मी कुरकुरत आले, हे तुला ठाऊकच आहे. पण आल्यावर बरं वाटतंय गं. आम्ही वीसजण आहोत, सगळे जनावरांचे डॉक्टर, आणि चार दिवस फक्त हृदय आणि फुफ्फुसं. दुसरं काही नाही. कुणी मांजराची नखं कापायला आणत नाही, कुणाचा पोपट पळत नाही. सकाळी आयता चहा मिळतो आणि कपसुद्धा धुवावा लागत नाही. मी दोनदा चहा घेतला.

चौघाचौघांचे गट केलेत. माझ्या गटात एक घोडेवाले आहेत, उंच, सगळ्यांशी घोड्याशी बोलावं तसं थोपटून बोलतात. एक गोठेवाले, आयुष्य गाईम्हशींत गेलेलं, कुत्रं बघितलं की बिचकतात. आणि एक मुलगी, गेल्याच वर्षी पास झालेली, तिला आम्ही नवी म्हणतो. नवीची वही बघायला हवीस तू. प्रत्येक पानाला समास आखलेला.

बाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान असतील. पण शिकवतात छान. आज त्यांनी छातीचे फोटो पडद्यावर लावले आणि हृदय वाढलंय की नाही ते बरगड्या मोजून कसं ठरवायचं, ते दाखवलं. मी इतकी वर्षं नुसत्या नजरेने ठरवत आले. नजर चुकली नसेल कशावरून?

त्यांचा एक नियम मात्र मला पटलेला नाही. उद्यापासून खरी कुत्री-मांजरं येणार, आणि चौघांनी एकाच जनावराची छाती ऐकायची. ऐकून झालं की कुणी काही बोलायचं नाही, चिठ्ठीवर लिहायचं आणि घडी करून ठेवायची. मग बोलायला सुरुवात गटातल्या सगळ्यात लहान माणसाने करायची. म्हणजे आमच्यात नवीने. म्हाताऱ्याने आधी तोंड उघडलं की बाकीचे मान डोलावतात आणि जनावर मरतं, असं त्या म्हणाल्या. गोठेवाले कुजबुजले की घरी बायकोने हाच नियम केलाय. मला हसू आलं, पण नियम काही आवडला नाही.

शिंपीकाकांच्या साहेबाचा खोकला कसा आहे? सहज विचारते. येताना दुकानावरून गेले तेव्हा कुत्रं शिलाई यंत्राखाली लोळत होतं आणि पँट आखूड करायला आलेल्या कुणावर तरी गुरगुरत होतं, म्हणजे तब्येत ठीकच असणार.

आणि तुला त्या मोठ्या हॉस्पिटलला सोमवारपर्यंत होकार-नकार कळवायचा आहे ना? माझं म्हणणं मी सांगितलंच आहे. खुशाल जा. तिथे मशीनं आहेत, माणसं आहेत, तुझं शिक्षण कामी येईल. भाऊजींना तिकडे काम मिळेल, छकुलीला चांगली शाळा मिळेल. माझं काय, तू यायच्या आधी बावीस वर्षं एकटीने चालवलाच की दवाखाना.

यांना वेळेवर गोळ्या द्यायला सांग. म्हणजे तूच दे.

तुझी
थोरली


गुरुवार, १४ तारीख
दुपारची सुट्टी

धाकटे,

मंगळवारचं पत्र तुला मिळालं असेल-नसेल. मिळालं असेल तर ते बाजूला ठेव आणि हे वाच.

हे टपालाने पाठवत नाही. घोडेवाल्यांची एक घोडी विण्याच्या बेतात आहे, म्हणून ते एक दिवस आधीच निघालेत. चारच्या गाडीने, आपल्या गावावरूनच जातात. पत्र त्यांच्या हातात देते, संध्याकाळी तुला मिळेल. त्यांना चहा दे, आणि ते पाठीवर थोपटतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आधी कामाचं. उद्या सकाळी दवाखाना उघडायच्या आधी शिंपीकाकांकडे जा आणि साहेबाला घेऊन ये. छातीचा फोटो काढ. खोकला घशाचा असेलही, पण तो फोटोशिवाय कळणार नाही, आणि तू त्या दिवशी नेमकं हेच म्हणत होतीस. मी दिलेली ती खोकल्याची बाटली बंद कर. काकांना सांग, साहेब गाढ झोपला की घड्याळ लावून एक मिनिट त्याची छाती किती वेळा वर येते ते मोजा. तिशीच्या वर गेली आणि परत मोजूनही तेवढीच आली, तर शिवण टाकून त्याच पावली तुझ्याकडे यायचं. हे मला काल शिकवलं. तुला आधीपासून माहीत असणार.

आता बाकीचं लिहिते. जरा बसून वाच.

काल आमच्या टेबलावर इथल्या पहारेकऱ्याची कुत्री आली. तपकिरी, म्हातारी, फार शहाणी. आपणहून आडवी झाली. मी तिच्या पुढच्या पायाच्या कोपरामागे ऐकायची नळी टेकवली, दुसऱ्या हाताने मांडीतली नाडी धरली, शांतपणे ऐकलं. ठोके स्वच्छ. चिठ्ठीवर लिहिलं, हृदय ठीक, जादा आवाज नाही. घडी केली आणि हात धुवायला गेले.

नियमाप्रमाणे नवी आधी बोलली. डाव्या बाजूला फुसफुस आहे म्हणाली, बारीक आहे पण प्रत्येक ठोक्याला आहे. मला तिची कीवच आली. मग गोठेवाल्यांनी चिठ्ठी उघडली, तेच. घोडेवाल्यांनी उघडली, तेच. बाईंनी माझी उघडून वाचली.

मी लगेच म्हणाले की वर पंखा किती खडखडतोय. नाचता येईना, अंगण वाकडं. बाईंनी पंखा बंद केला. मी परत ऐकलं. काही नाही. तिसऱ्यांदा ऐकलं. तिघेजण माझ्याकडे बघत होते, आणि कुत्रीसुद्धा.

मग बाईंनी स्वतःच्या गळ्यातली नळी काढून माझ्या कानांत घातली. ती आवाज मोठा करते, बॅटरीवर चालते. आणि अगं, आला आवाज. पहिल्या आणि दुसऱ्या ठोक्याच्या मधली सगळी जागा भरून राहिलेला, कुकरची वाफ हळू सुटावी तसा. दर ठोक्याला. इतका स्पष्ट की मी हसलेच. कितीतरी दिवसांनी भेटलेल्या माणसाला पाहून हसावं तशी. मी कुत्रीला सोडेचना. शेवटी घोडेवाले म्हणाले, बाकीच्यांनाही रांगेत उभं राहायचंय.

नंतर बाईंनी मला खिडकीपाशी बोलावलं. म्हणाल्या, "डॉक्टर, कान तपासून घ्या. चष्मा लावताच ना तुम्ही? हे तसंच आहे."

मी मान डोलावली आणि आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा केला. तो चेहरा खोटा होता. तेच तुला सांगायला एवढं लिहिते आहे.

मला हे दोन वर्षांपासून माहीत आहे. तो अवजारं उकळायचा डबा आहे ना, झालं की बारीक शिट्टी वाजवतो, तो दर वेळी तूच बंद करतेस. मला वाटायचं तू चटपटीत आहेस. मग एकदा तू रजेवर होतीस आणि त्याच्यावरचा दिवा लुकलुकताना बघून मी जवळ गेले, अगदी कान लावला, तेव्हा कुठे ऐकू आलं. त्या दिवसापासून मी लोकांच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेते. कुणी पाठमोरं बोललं की त्याच्यावरच खेकसते, नीट बोला म्हणून. इथल्या भिंती जाड नाहीत. आमच्या बाईही हळू बोलत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी मी ती घट्ट धरून बसले होते. यांना नाही, तुला नाही, कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

आता साहेबाचा दिवस. दोन महिने झाले, पण तू विसरली नसशील. काका त्याला काखेत धरून आले होते. तू त्याची छाती ऐकलीस, नळ्या कानातून काढल्यास आणि म्हणालीस, "जाऊबाई, इथे फुसफुस आहे, फोटो काढू या." मी ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही. आणि धाकटे, त्याच क्षणी माझ्या मनात आलं होतं की हे माझे कान असतील. मनात आलं होतं, हे मी आज कबूल करते. तरीही मी काकांकडे बघून म्हणाले की काही नाही, घसा धरलाय, आमच्या धाकटीला हल्ली सगळीकडे हृदयच दिसतं. काका हसले. तू हसली नाहीस. तू टेबल पुसायला घेतलंस, ते आधीच पुसलेलं होतं.

मला ऐकू आलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. एकतीस वर्षं लोक आपली जनावरं माझ्या कानांच्या भरवशावर सोडून जातात आणि मला ते चार शब्द जड झाले. साहेब दोन महिने खोकल्याच्या बाटलीवर आहे. त्याला काही झालं तर ते माझ्यामुळे, हे मी काकांना सांगेन, तुला सांगायला लागणार नाही.

त्यानंतर महिन्याभरात तू नोकरीचं बोललीस. जावाजावांचं पटत नाही म्हणतात, आणि आपण नऊ वर्षं शेजारी-शेजारी टेबलं लावून काम केलं, एकदाही आवाज चढला नाही. मी विचारायला हवं होतं, का जातेस म्हणून. मी विचारलं नाही. मी म्हटलं, खुशाल जा. किती मोठ्या मनाची थोरली, असं भाऊजी म्हणाले.

मोठं मन वगैरे काही नव्हतं गं. तू शेजारच्या टेबलावर राहिलीस तर आज ना उद्या तुला माझ्या कानांचं कळणार, ही भीती होती. तू गेलीस तर मला कुणी पकडणार नव्हतं. माझं एक व्यंग झाकायला मी तुला, भाऊजींना, छकुलीला घरातून दूर पाठवायला निघाले होते, आणि वर शाळा चांगली मिळेल म्हणत होते. याची मला लाज वाटते.

लाज वाटते, पण बरंही वाटतंय, हे खरं. आज सकाळी नवीला सांगून टाकलं, तर ती म्हणाली तिच्या आजोबांनाही कानात यंत्र आहे आणि ते आता घरात सगळ्यांची भांडणं ऐकतात. बाईंसारखी नळी मी मागवली आहे. कानांच्या डॉक्टरांची वेळही घेतली आहे. मला काम करायचं आहे अजून. कालचा तो आवाज ऐकल्यापासून तर फारच करायचं आहे.

तुझ्या सोमवारच्या उत्तराचं. मला तू हवी आहेस. दवाखान्यालाही हवीस, पण आधी मला. नऊ वर्षांत हे एकदाही म्हटलं नाही, ते आता लिहून ठेवते. तरी तुला मोठं हॉस्पिटल मनापासून हवं असेल तर जा, मी सामान बांधायला येईन. फक्त थोरलीने जा म्हटलं म्हणून जाऊ नकोस. ते मी मागे घेतलं आहे.

सोबत काकांसाठी चिठ्ठी आहे. पाकीट उघडंच ठेवलंय. आधी तू वाच, मग त्यांच्या हातात दे.

तुझी
थोरली


शिंपीकाका,

साहेबाच्या छातीत आवाज आहे. आमच्या धाकट्या डॉक्टरांनी तो त्याच दिवशी ओळखला होता. मला तो ऐकू आला नाही, कारण माझे कान अधू झाले आहेत, आणि हे मला माहीत असून मी तुम्हाला सांगितलं नाही. उलट तुमच्यासमोर तिची थट्टा केली. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, यात तुमची काही चूक नाही.

साहेबाला लगेच तिच्याकडे न्या. ती सांगेल तेच करा, मी सांगितलेलं विसरा.

मी शनिवारी येते. हे सगळं तिच्यासमोर, तुमच्या दुकानात, गिऱ्हाईकं असली तरी, तोंडाने सांगायचं बाकी आहे.

आपली,
थोरल्या डॉक्टर