सावलीची राखण

चिंचणी,
गुरुवार, २४ एप्रिल २०२५

सौ. जयश्रीस निर्मलाभाभीचा आशीर्वाद,

आम्ही इकडे बरे आहोत. झाईला माहेरी तुझा भाऊ, वहिनी, पोरं खुशाल असतील असं धरून चालते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. दहावीच्या पेपरानंतर एवढं लांबलचक मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. हात जरा थरथरतो, त्यालाही हसू नकोस. उद्या तुझ्या भावाचा टेम्पो सुकी मासळी भरायला येईल, त्याच्या हातात देईन. त्याने वाटेत उघडून वाचलं तरी चालेल. लपवण्यासारखं काही नाही यात.

आधी आयची खबर, कारण तुला तीच हवी असणार. इस्पितळातून घरी आणल्यापासून जेवते, बोलते, उशीखाली तंबाखूची पुडी लपवते, म्हणजे सुधारते आहे. पण उभी राहिली की भोवळ येते. डॉक्टर म्हणाले, एकदा अंगात असं ऊन भरलं की पुढच्या वेळी लवकर भरतं, आता हिला उन्हात सोडायची नाही. दुपारी मी खिडकीला ओली चादर लावते आणि पंखा तिच्याकडे फिरवते. वीज गेली की पुठ्ठ्याने वारा घालते. सासू झोपते आणि सून वारा घालते, असं चित्र कुणी काढलं तर गावात माझं केवढं नाव होईल! हे बोटीवर आहेत, त्यांना यातलं काही दिसत नाही.

मनिष कारखान्यातून आला की आमच्याकडे जेवतो आणि मान खाली घालून जातो. तुझं नाव काढत नाही. पण परवा तुझ्या मोगऱ्याला पाणी घालताना दिसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला मोगरा कुठे आहे हे माहीत होतं हेच मला नवल.

ऊन मात्र बरं नाही. यंदा सकाळी नऊलाच रेती पायाला चटके देते. समुद्रावरचा वारासुद्धा दमट आणि तापलेला येतो, घाम सुटतो तो वाळतच नाही. आणि आपला सुक्या मासळीचा धंदा असा, की ज्या उन्हातून पळायचं त्याच उन्हाची आपण वाट बघतो. आभाळ आलं की जवळा वास मारतो. कडक पडलं की दोन दिवसांचा माल एका दिवसात वाळतो. भर दुपारी एकदा परतला नाही तर खालून ओला राहतो. मग बाई घरात कशी बसेल?

गेल्या वर्षी दोघींना सलाईन लावावी लागली, तेव्हा सरकारी दवाखान्याची आशाताई, आपली शितल, बायकांच्या मंडळाच्या शेडमध्ये येऊन म्हणाली होती, बारा ते चार बाहेर पडू नका. सगळ्या कशा हसल्या होत्या, आठवतं? रूपी म्हणाली, "मग जवला कोन परतंल गो, तू?"

तू नव्हती हसलीस. तू म्हणालीस, "कावल्या-कुत्र्यांना हाकलाया सगळ्या कशाला? एक पुरे. बाकीच्या सावलीत बसा. परताया दोघी-दोघी जा, नि लगेच परत या."

एवढंच. तेवढ्यावर आपला सगळा कारभार उभा राहिला. शेडवर फाटकी जाळी टाकली, वर झावळ्या, पुढे ओली पोती. दोन माठ. शितलने मीठ-साखरेच्या पाण्याचं माप शिकवलं, कुणाला गरगरलं तर मानेला, काखेत बर्फ कसा लावायचा ते शिकवलं. बारा वाजले की राखणीवरच्या बाईने एकेकीचं नाव घेऊन हाक मारायची आणि जिचं नाव तिने "आले गो" म्हणून सावलीत यायचं. पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्या लाजायच्या. शाळेत हजेरी देतात तसं वाटतं म्हणायच्या. मग त्याच आधी येऊन जागा धरायला लागल्या.

यंदा बुजगावण्यांची कल्पनाही तुझीच. प्रत्येकीने आपल्या जवळ्यापाशी एक बांबू रोवायचा आणि त्याला स्वतःचं जुनं लुगडं गुंडाळायचं, म्हणजे बाई उभी आहे असं वाटून कावळे उतरत नाहीत. आयने हिरवं दिलं. अंगावर होतं तेही हिरवंच, तिच्याकडे दुसरा रंग आहे कुठे? पहिल्या दिवशी रूपी बुजगावण्याशी पाच मिनिटं बोलत उभी होती आणि आपण शेडमध्ये पोट धरून हसत होतो. असं हसणं त्यानंतर झालेलं नाही.

आय पडली त्या दिवसाचं तुला सांगायला नको. पण तुला माहीत नाही ते सांगते, कारण आयला आता थोडं थोडं आठवतं. तिचं बुजगावणं सकाळच्या वाऱ्याने पडलं होतं. आपल्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. तिला शेडमधून कावळा दिसला. राखणीला तू होतीस, रूपीसाठी माठातून पाणी काढायला वाकलीस तेवढ्यात ही मागच्या बाजूने निघाली. परवा मला म्हणाली, "धाकटीला सांगितलं असतं तं तिनं जाऊ दिलं नसतं. म्हनून नाय सांगितलं." बांबू उभा करेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून त्यालाच धरून बसली. पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेला. पुढचं तिला आठवत नाही.

आता तूच सांग, शेडमधून काय दिसणार? हिरवं लुगडं, बांबू, वाकडी मान. तू बघितलंस, दहा वेळा बघितलंस आणि प्रत्येक वेळी तुला बुजगावणं दिसलं. मीही तुझ्या शेजारीच होते. मलाही तेच दिसलं. कावळेसुद्धा फसले गो, एकही उतरला नाही तिच्या जवळ्यावर.

परतायला गेल्या तेव्हा ती सापडली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. सगळ्या नुसत्या रडत उभ्या होत्या. "बोटीच्या पेटीतला बर्फ आना," असं ओरडलीस ती तू. ओली पोती ओढून आणलीस ती तू. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तो बर्फ लावला नसता तर म्हातारी रस्त्यातच गेली असती. हे गावात कुणी बोलत नाही. संध्याकाळी शेडमध्ये जमून बोलले ते वेगळंच. रूपी म्हणाली, "राखन करते का झोपा काढते?" आणि तू चपला घातल्यास. मी तेव्हा आयच्या खाटेशी होते, मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर तू झाईची एसटी धरली होतीस.

मला तुझा राग आला होता, जयश्री. खोटं कशाला सांगू? आय पडली त्याचा नाही, तू गेलीस त्याचा. भांडायचं होतंस. रूपीच्या झिंज्या धरायच्या होत्यास, मी आडवी आले नसते.

रूपीला आता वाईट वाटतं, पण तिची जीभ वाईट बोलायलाच वळते, चांगलं बोलायला अडते. तिने तुझ्यासाठी सुके बोंबील दिलेत, टेम्पोत पाठवते. माफी समज. तिच्याकडून याहून जास्त मिळणार नाही.

आता शेडचं सांगते. बुजगावणी सगळ्यांनी त्याच दिवशी उपटून टाकली, बघवत नाहीत म्हणाल्या. राखणीला बसायला कुणी तयार नाही. शितल दारोदार फिरली. जी ती म्हणते, माझ्या राखणीत कुणाला काही झालं तर माझंही जयश्रीसारखंच होईल, नको बाई. राखणीला कुणी नाही म्हटल्यावर माल उघडा कोण टाकेल? म्हणून सगळ्या पुन्हा आपापल्या जवळ्यापाशी, डोक्यावर ओला टॉवेल टाकून, भर बारा वाजता. माठ भरलेले असतात, सावली असते, आणि शेड रिकामी. शितल परवा तिथे एकटीच बसून रडत होती. मला बघून म्हणाली, डोळ्यांत धूळ गेली.

मग राखण मीच घेतली. दुसरं कोण घेणार होतं? सकाळी आपला माल पसरायचा, घरी येऊन आयचं करायचं, बारा वाजता पुन्हा जायचं आणि एकेकीच्या नावाने ओरडत फिरायचं, कारण आता शेडमधून हाक मारून कुणी येत नाही, दंडाला धरून आणावं लागतं. काहीजणी येतात. म्हाताऱ्या येतात. मी गेले नाही त्या दिवशी एकही आली नाही, हे मला रूपीनेच सांगितलं. त्या सावलीत बसल्या की त्यांचा माल मी परतते, दोघींनी जायचं ते मी एकटी जाते, कारण जोडीला कुणी उठत नाही. मग घरी. तोवर आयने चादर ओढून खाली पाडलेली असते.

दमले आहे गं. सकाळी उठते तेव्हाच दमलेली असते. शितलने यंत्राने रक्तदाब बघितला आणि म्हणाली, मावशी, तुम्ही चार दिवस घरी बसा. मी म्हटलं, तू माझी जाऊ आणून दे, मी चार महिने बसते.

इथवर लिहून पेन ठेवलं होतं. आयला पेज दिली, भांडी घासली. आज बोटी आल्या नाहीत म्हणून वेळ आहे. वर लिहिलं की लपवण्यासारखं काही नाही. एक आहे. तुझ्या भावाने वाचलं तर वाचू दे, पण ह्यांना आणि मनिषला कळता कामा नये, कारण हे ऐकलं की दोघं मिळून शेडच बंद करतील.

मंगळवारी मी पडले. सगळ्यांना आत बसवलं होतं आणि पलीकडे बोंबील वाळत टांगलेल्या बांबूंमागे माझा जवळा परतत होते. आधी कानात घूं झालं. मला कळत होतं काय होतंय, शितलने शिकवलंय सगळं मला, तरी वाटलं, एवढी रांग होऊ दे. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा तोंडात रेती होती आणि बांबूंची सावली माझ्या पायांवरून सरकून पार पलीकडे गेली होती. एवढा वेळ मी पडून होते. शेडमध्ये सगळ्या होत्या. पाणी पीत होत्या, बोलत होत्या, त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. मी हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. शेवटी हातांवर रांगत माठापाशी आले. रूपी म्हणाली, "काय गो, आंघोल केली का रेतीनं?" मी म्हटलं, पाय घसरला.

त्यांची काही चूक नाही. मी राखणीला आहे, मला कोण शोधणार? बारा वाजता मी सगळ्यांची नावं घेते आणि जी ती "आले गो" म्हणते. माझं नाव घ्यायला कुणी उरत नाही.

तेव्हापासून हात थरथरतो. डॉक्टर आयला जे म्हणाले, एकदा भरलं की लवकर भरतं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. शनिवारी बोटी येतील, जवळा भरपूर आहे म्हणतात. मी गेले नाही तर त्या म्हाताऱ्या उन्हात बसतील. गेले तर मी पुन्हा उठेनच असं मला वाटत नाही. मला भीती वाटते, जयश्री. आजवर कुणाला असं म्हटलेलं नाही, ह्यांनाही नाही.

लोक काय बोलतील म्हणून तू येत नाहीस हे मला कळतं. बोलतील. रूपी तर नक्कीच बोलेल. त्या बोलतील तेव्हा मी तुझ्या बाजूला उभी असेन, आणि आय तर दारापर्यंत चालत येऊन सांगायला तयार आहे की ती तुझी नजर चुकवून गेली होती. राखणीला तू एकदा पुन्हा बसलीस की बाकीच्यांची भीती जाईल, हे शितलही म्हणते. पण ते सगळं नंतर. तुला गावासाठी बोलावत नाही मी.

शनिवारी सकाळी टेम्पो पुन्हा इकडे येईल, त्यात बस. बारा वाजता सगळ्यांची नावं घेऊन झाली, की एकदा "भाभी" म्हणून हाक मार. आणि मी ओ दिली नाही, तर मला शोधायला ये.

तुझ्या हाकेच्या भरवशावर असलेली,
निर्मलाभाभी