राडिमसाठी माती

१२ मार्च, गुरुवार
राडिम आला होता. जिना थांबत थांबत चढला. टोपी काढली नाही. चहा नको म्हणाला. खिशातून बियांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.
"गांजा. यंदापासून घरी तीन झाडं लावायची मुभा आहे. आमच्याकडे निवडुंगसुद्धा जगत नाही. तू लाव."
"मी? मी जन्मात कधी मुळा लावला नाही."
"पण पाणी तपासण्यात जन्म घालवलास ना? झाड म्हणजे तरी काय, उभं राहिलेलं पाणीच."
बस चालवायचा तेव्हाही प्रवाशांना अशीच उत्तरं द्यायचा.
केमो सुरू झाल्यापासून त्याला काही खाववत नाही. याने भूक लागते म्हणे. दुसऱ्याला द्यायला कायद्याची परवानगी नाही, तेही त्यानेच सांगितलं. देईन. राडिमला द्यायचं नाही तर कुणाला?
आपोआप फुलणारी जात आहे. पेरल्यापासून तीनेक महिन्यांत तयार. म्हणजे जूनच्या मध्याला. बाल्कनी दक्षिणेला आहे, रोपांना उजेड द्यायला दिवा आहे. फक्त माती आणायची.

१४ मार्च
ओपावा शहरातल्या बागकामाच्या मोठ्या दुकानात गेलो. मातीच्या पोत्यांची भिंतच! टोमॅटोची वेगळी, गुलाबाची वेगळी, खत आधीच मिसळलेली वेगळी. दुकानातली मुलगी म्हणाली, "हलकी माती घ्या, थोडे पांढरे दाणे मिसळा म्हणजे पाणी साचणार नाही. खत आत्ता नकोच." शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, गांडूळखताशिवाय काही होत नाही. मी पोत्यांवरची बारीक अक्षरं वाचत बसलो आणि रिकाम्या हाताने परत आलो.
चुकीची माती घेऊन त्याचं नुकसान नको करायला.

१९ मार्च, गुरुवार
"घेतलीस माती?"
"बघतोय."
"बघ, बघ. मी दर गुरुवारी येऊन विचारत जाईन."

२ एप्रिल, गुरुवार
खिडकीत बरण्या. प्रत्येक बरणीत वेगळी माती आणि पाणी. आम्लता मोजली. नळाचं पाणीही मोजलं, ते जरा जड आहे. अजून एकही बी मातीत नाही.
राडिम बरण्यांकडे बघत राहिला. "लग्नासाठी मुलगी बघताना इतका विचार केला होतास?"
"ओल्गाने विचार करायला वेळ कुठे दिला?"
दोघेही हसलो. ती गेल्याला दुसरा वसंत आला. तिचं नाव घेऊन घरात कुणी हसलं नव्हतं.

१० एप्रिल
नत्र, स्फुरद, पालाश. स्वप्नातसुद्धा हेच.

२३ एप्रिल, गुरुवार
पेरलं एकदाचं. महिना वाया घालवला, म्हणून आता जोमदार वाढ हवी. वसाहतीतल्या बागेत आल्बीनाकाकूंचे गुलाब माणसाच्या उंचीचे होतात. त्यांच्याकडून कोंबडीखत घातलेली काळी माती आणली.
"कशाला हवी?" काकूंनी विचारलं.
"टोमॅटो."
"तुम्ही आणि टोमॅटो! बरं बरं. काय लावताय ते मला सांगू नका, म्हणजे मला कुणी विचारायला नको."
वर दुकानातलं दाणेदार खतही मिसळलं. राडिम खुर्चीत बसून बघत होता. कोट अंगातच. "तिखटाचा हात सैल सुटलाय तुझा," एवढंच म्हणाला.

३० एप्रिल, गुरुवार
तिन्ही कोंब उगवले! राडिमने चष्मा काढून बघितले, परत लावून बघितले.

१४ मे, गुरुवार
पानं गडद हिरवी, जवळजवळ निळसर. मला वाटलं, किती छान. आज बघतो तर टोकं करपलेली, पानं पंज्यासारखी आत वळलेली. नत्र जास्त झालं. कुंड्यांमधून भरपूर पाणी सोडून माती धुतली. राडिमला झाडं दाखवली नाहीत. दिवा दुरुस्तीला आहे सांगितलं आणि बाल्कनीचं दार लावून घेतलं.

१८ मे
गेली. तिन्ही.
कोवळ्या मुळांना एवढं अन्न! दूध पिणाऱ्या पोराला डुकराचं मांस वाढल्यासारखं. मार्चमध्ये त्या मुलीचं ऐकलं असतं तर आज फुलं धरायला आली असती. पण मला पक्कं उत्तर हवं होतं. माती तपासताना मी राडिमबद्दल विचार करत नव्हतो, हे खरं. आकडे बघितले की त्याचा चेहरा बघावा लागत नव्हता. आणि तो चेहरा दर आठवड्याला बारीक होतोय.

२१ मे, गुरुवार
सांगून टाकलं. तो इतका हसला की खोकला लागला.
"भूक मला लागत नाही, आणि जेवायला तू त्यांना घातलंस."
"आता ऑगस्ट उजाडेल, राडिम."
"मग ऑगस्ट. मला कुठली बस पकडायचीय?"
मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून उभा राहिलो.

२४ मे
त्या मुलीने सांगितलेलं पोतं आणलं. हलकी माती, पांढरे दाणे, खत नाही. चहा उकळेपर्यंत पेरून झालं. हे मार्चमध्ये इतकंच सोपं होतं.

११ जून, गुरुवार
राडिम आला नाही. त्याच्या बायकोचा, हेडविकावहिनींचा फोन. "आज जिना नको म्हणतायत. तुम्हीच या ना, भाऊजी."
गेलो नाही. रोपं नुकतीच बाहेर काढली होती आणि वारा होता. दोऱ्या बांधत बसलो. लिहितानाच लाज वाटतेय — वारा!

९ जुलै, गुरुवार
आला. फुलं दिसायला लागलीत, पांढरे केसर. आता पालाश जास्त असलेलं खत, तेही डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्मं. मी मोजत होतो, तो बाल्कनीत पाय पसरून बसला होता. जर्दाळू भरून उकडलेले पिठाचे गोळे केले होते, ओल्गा करायची तसे. माझे जरा चिकट झाले. त्याने एक पूर्ण खाल्ला.
"लुबोर, ते डबे ठेव बाजूला आणि बस जरा."
"एवढं संपवतो."
संपवेपर्यंत त्याला डुलकी लागली होती.

६ ऑगस्ट, गुरुवार
राडिम इस्पितळात. मी गेलो होतो. डोळे मिटलेले. मला ओळखलं असावं, बोटं हलली. झाडांबद्दल सांगत राहिलो. दुसरं काही बोलता येईना.

१३ ऑगस्ट
राडिम आज सकाळी गेला.

२० ऑगस्ट
काल त्याला माती दिली. बस डेपोतले जुने सोबती गणवेश घालून आले होते. वहिनींशी नीट बोललो नाही. काय तोंडाने बोलू?
झाडं तयार आहेत. फुलं घट्ट, वास सगळ्या मजल्यावर. मार्चमध्ये पेरली असती तर जूनपासून त्याला चार घास गोड लागले असते. चांगली माती शोधत बसलो आणि साधी माती दुकानात पडून राहिली. त्याने कधी बोलून दाखवलं नाही. दर गुरुवारी यायचा, विचारायचा, हसायचा. ओरडला असता तर बरं झालं असतं.

२७ ऑगस्ट
झाडं कापली नाहीत. पाणीही घातलं नाही.

३ सप्टेंबर, गुरुवार
बेल वाजली. वहिनी. मी दारातच सांगून टाकलं — माफ करा, माझ्यामुळे उशीर झाला, त्याला वेळेवर मिळालं नाही.
त्या गोंधळल्या. "कशाला उशीर? भाऊजी, डॉक्टरांनी त्यांना फेब्रुवारीपासूनच गांजा लिहून दिला होता. औषधाच्या दुकानातून मीच आणत होते. कधी लागू पडायचा, कधी नाही."
"मग माझ्याकडून कशाला लावून घेतलं?"
"ओल्गा गेल्यापासून तुम्ही कुणाला घरात घेत नव्हतात. हे म्हणाले, लुबोरला काहीतरी काम दिल्याशिवाय तो मला आत येऊ द्यायचा नाही."
एवढं सगळं त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बोलत होत्या. मी दारातून बाजूला झालो.
"वहिनी, आत या."