भिंतीवरचं दानपत्र

६ एप्रिल २०२५, रविवार

प्लॉट बघून आलो. पिपरी मेघेच्या टोकाला, बंडूजी विकताहेत त्या लेआऊटमधला, कोपऱ्याचा. चार खुणेचे दगड, मध्ये वाळलेलं गवत आणि डोक्यावर ऊन! घरमालकाने तीस जूनपर्यंत खोल्या खाली करा म्हणून सांगितलंय. त्यामुळे मला सध्या उकिरडाही बंगल्यासारखा दिसतो.

आईला न्यायलाच नको होतं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा तास भांडणारी बाई – इथं भावसुद्धा विचारला नाही. सरळ मागच्या कडेला गेली आणि म्हणाली, "इथं विहीर होती." बंडूजी चकित. "होती ना मावशी. आमीच बुजवली. तुमाले कसं माहीत?" "लहानपणी आलती," आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळून – "भावना, हेच घे." झालं! भाव पाडायची सोयच राहिली नाही.

मग त्यांच्या घरी चहा. बैठकीत, सोफ्याच्या वर, काचेच्या चौकटीत एक पिवळा पडलेला कागद. भूदानाचं दानपत्र. "आमच्या आजोबानं चार एकर देलती भूमिहीनाले," सांगताना बंडूजींचा आवाज भरून आला. मला वाटलं, ज्या घरानं चार एकर दान दिली ते घर मला वीतभर जागेसाठी काय फसवणार. परतताना आईला तसं म्हटलंही.

१४ एप्रिल

जयंती. आई पांढरी साडी नेसून सकाळीच तयार. मिरवणूक बघून आल्यावर म्हणाली, पुढच्या साली आपल्या दारातून पाहू. हिचं घर बांधूनही झालं!

१२ मे, बुद्धपौर्णिमा

इसारपत्र झालं. सकाळी विहारात वंदना, दुपारी बंडूजींच्या बैठकीत सह्या. पीएफमधून काढलेलं सगळं एका चेकवर गेलं.

वकील बंडूजींचेच, प्रफुल नावाचे. "मॅडम, दोन वकील कायले? एकच करते दोघायचं. खर्च वाचते." मी हो म्हटलं. पटलं म्हणून नाही, लाज वाटली म्हणून. एवढ्या भल्या माणसासमोर आपला वेगळा वकील आणून बसवायचा, म्हणजे तुम्ही चोर आहात असं तोंडावर सांगण्यासारखंच.

सातबारा, अकृषकचा आदेश, लेआऊटची मंजुरी – वकिलांनी फाइलवर थाप मारली. "सगळं आहे." मी फाइल उघडलीच नाही. गणिताची मास्तरीण! आठवीच्या पोरांवर वर्षभर ओरडते, आधी प्रश्न पूर्ण वाचा म्हणून.

२० मे

वर्षालीला पेढा द्यायला गेले. शाळेत ती विज्ञान शिकवते, माझी एवढीच काय ती मैत्रीण. पेढा तोंडात टाकता टाकता तिनं विचारलं, "वकील तुमचा होता का त्यायचा?"



२६ मे

वर्षालीनं ओढत नेलं तिच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे. ज्योत्स्नाताई. इसारपत्र वाचलं आणि तोंडी परीक्षाच सुरू केली.

"विकणाऱ्याकडे ही जमीन आली कुठून?" माहीत नाही. "त्याच्या बहिणी किती? त्यांच्या सह्या?" माहीत नाही. "लेआऊट मंजूर आहे की नुसते दगड गाडले?" मंजुरीचा कागद आहे म्हणाले. "तुम्ही पाह्यला?" नाही. ढ पोरं बाकावर कशी बसतात ते आज मला आतून कळलं.

रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "वकील कमी हुशार असला तरी चालते मॅडम, पण तो आपला असला पाह्यजे," म्हणाल्या. जुने कागद काढायला आठ दिवस मागितलेत.

४ जून

मागच्या तीस वर्षांच्या नोंदी स्वच्छ. बहुतेक जण तिथंच थांबतात म्हणे. ज्योत्स्नाताई थांबल्या नाहीत. बंडूजींच्या वडिलांचं नाव सातबाऱ्यावर चढलं १९७१ला. खरेदीखत नाही, वारसाची नोंद नाही, नुसतंच चढलं. आणि त्याच्या आधीच्या कागदावर पुसट शाईत एक शब्द – भूदान.

"ही जमीन अशी विकता येत नाही," त्यांनी समजावलं. "ज्यानं दिली त्याची ती राह्यलीच नाही. ज्याला भेटली त्यालाही परवानगीशिवाय विकता येत नाही. तुम्ही रजिस्ट्री केली तरी उद्या हातातून जाईल."

आता काय करायचं? नोटीस पाठवू. इसार परत मागू. जमीन मुळात कोणाला वाटली होती त्या नोंदीची नक्कल काढू, म्हणजे आपली बाजू पक्की होईल. पाठवू, मागू, काढू! आणि तीस जूनचं काय, ते कोणत्याच कायद्यात नाही.

रस्त्यावर आले तर डावीकडे जायचं की उजवीकडे तेच सुचेना.

५ जून

बंडूजींकडे गेले. सोफ्यावर बसले नाही. चष्मा लावला, चौकटीखाली उभी राहिले आणि या वेळी वाचलं. मौजा पिपरी, खसरा क्रमांक सत्तेचाळीस, चार एकर. पर्समधून इसारपत्र काढलं. खसरा क्रमांक सत्तेचाळीस.

आजोबांनी दान दिलेली तीच जमीन नातू मला विकत होता! आणि त्याचा पुरावा भिंतीवर होता. मी त्याच्याखाली बसून चहा प्याले, त्याच्याखाली बसून सही केली.

बंडूजींनी दोन्ही कागद वाचले. मग पुन्हा वाचले. चेहरा उतरला. त्यांनीही ते दानपत्र आजवर कधी वाचलं नसावं, दर दिवाळीला काच पुसली असेल फक्त. "माह्या बापानं मरेपर्यंत वाहिलं-पेरलं हे वावर, मॅडम. मले काय माहीत?" माझ्या पैशांचं विचारलं. "ते तं रस्ते अन् नाल्यायमधी गेले."

चांगलं भांडायला गेले होते. त्यांच्या बायकोनं पाणी आणलं. पाणी पिऊन परत आले.

८ जून

प्रफुल वकिलांना सहा फोन केले. सातवा उचलला. "मॅडम, मी तं बंडूजीचा वकील आहो."

११ जून

आईला आज सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

मग म्हणाली, "माहा बाप मले घेऊन जाये तिथं. विहिरीवर बसवे अन् म्हणे, सुले, हे आपलं वावर होय. होतं थोडीच? मजुरी करे तो तिथं. पन म्हनत राहे. सारी वस्ती त्याले जमीनदार म्हने."

मलाही आठवलं. मी चौथीत असताना आजोबा गेले. खाटेवर पडल्या पडल्या सांगायचे, आपलं वावर पाहून या रे कोणी. मामा हसायचे – निघाले जमीनदार!

"मंग काऊन म्हटलं मले, हेच घे म्हणून?" मी विचारलं.

"जलमभर बोलला बिचारा. म्हटलं, एकडाव खरं होऊ दे त्याचं."

माझा तोल गेला. म्हातारपणी तिच्याशी असं बोलायला नको होतं. म्हटलं, तुया बापाच्या थापेपायी माही सारी कमाई गेली. ती ताट उचलून आत गेली.

१२ जून

बोलणं बंद. जेवण झाकून ठेवते माझं. भाजीत मीठ नाही, आणि सांगायचं कोणत्या तोंडानं?

१६ जून

खोल्या बघतेय. एकट्या बायका म्हटलं की लोक आधी आडनाव विचारतात, मग म्हणतात, कळवतो. घरमालकाला महिनाभर थांबा म्हटलं. "पाहू" म्हणाला. आई कपडे बांधायला लागली आहे. कुठं जायचं ते विचारत नाही.

१९ जून

नक्कल मिळाली. खसरा सत्तेचाळीस, चार एकर, भूदानात ज्याला वाटून दिली त्या भूमिहीनाचं नाव – लहानू डोमाजी थूल.

माझे आजोबा.

आईला वाचून दाखवलं. तिनं तीनदा वाचायला लावलं. मग कागद मागून घेतला. तिला वाचता येत नाही. नाव कुठं आहे ते विचारून तिनं त्यावर बोट ठेवलं, आणि म्हणाली, "मी बी हासली होती त्याले."